मार्गशीर्षातला केक

१ डिसेंबर, सोमवार

ही डायरी जानेवारीत एका आडत्यानं दिली होती. अकरा महिने कोरी पडून आहे. वर्ष संपायला एकच महिना उरला, एवढा चांगला कागद वाया कशाला घालवायचा म्हणून आजपासून लिहितो.

मी कुंडलिक. मंचरच्या बाजारात तेहतीस वर्षं तोलणार होतो. कांद्याची पिशवी नुसती हातानं उचलून सांगायचो, बावन्न किलो. काट्यावर टाकली की बावन्नच भरायची. ऑगस्टअखेर निवृत्त झालो आणि आता निमगाव साव्यात घरीच असतो. लोक विचारतात, वेळ कसा जातो? उत्तम जातो. सहाला जाग येते. आठपर्यंत पत्र्याकडं बघतो. पत्र्याला एकशे चौदा खिळे आहेत. मग चहा, मग ओट्यावर बसतो. कंटाळा मला अजिबात येत नाही.

घरात मी आणि बायको अंजना. मुलगी समृद्धी लग्न होऊन चाकणला. वरच्या खोलीत एस्तेर सिस्टर भाड्यानं राहतात. गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, वय तीस-एकतीस, मूळच्या शेवगावकडच्या. दिवाळीनंतर अंजना ओट्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून भाकरी शेजारच्या भिमाजीच्या घरून येते आणि संध्याकाळी सिस्टर खिचडी टाकतात. माझ्यावर कसलाच ताण नाही.

३ डिसेंबर, बुधवार

नारायणगावला जाऊन अंजनाचं प्लास्टर काढलं. आत ती एकटीच गेली, मी बाहेर मोटारसायकलपाशी थांबलो. अर्ध्या तासानं आली ती हात गळ्यातल्या झोळीत घालून.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"हाड जुळलंय," असं म्हणून ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. मी तेव्हा समोरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मोजत होतो. मग म्हणाली, "पर अजून महिनाभर काय बी काम करायचं न्हाई. झोळीतच ठेवायचा म्हणाले."

मी चिठ्ठी वाचली. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"तोंडी सांगितलं," ती म्हणाली.

अर्ध्या रस्त्यात तिनं मागून विचारलं, "तुमाला भाकरी येती का वो?" मी हसलो. ती हसली नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

भिमाजीच्या घरची भाकरी अंजनानं बंद करायला लावली. म्हणाली, लोकाचं किती दिवस खायचं. पस्तीस वर्षांत मी पहिल्यांदा परातीपुढं बसलो. पहिली भाकरी जुन्नर तालुक्याच्या नकाशासारखी झाली, दुसरी आंबेगावसारखी. तिसरी तव्यावर जाताना मधोमध फाटली. अंजना पाटावर बसून "थापा, थापा, घाबरू नका" म्हणत होती. मी खाल्लेली सगळ्यांत वाईट भाकरी. तीन खाल्ल्या.

६ डिसेंबर, शनिवार

सिस्टर पाण्याची मोटर बंद करायला खाली आल्या, तेव्हा मी सहज विचारलं, "नाताळाला चोवीसला जाणार का गावाला, नेहमीसारखं?"

"नाही काका, यंदा पंचवीसला ड्युटी आहे."

"सणाच्या दिवशी तुम्हालाच कशी काय ड्युटी?"

"मीच मागून घेतली." मोटर बंद करून त्या वर गेल्या.

अंजनानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पारड्यात पाय ठेवलाय. मग आठवलं. सिस्टरच्या आई जूनमध्ये वारल्या. वडील आधीच गेलेत, भाऊ लष्करात. आता शेवगावला कुणाकडं जाणार?

गेली दोन वर्षं सव्वीस तारखेला सिस्टर परत यायच्या त्या आईनं दिलेला डबा घेऊन. त्यात रव्याचा केक असायचा. पिवळसर, रवाळ, वरून तांबूस. मी काही गोडखाऊ माणूस नाही, पण तो केक खाताना मी बोलायचो नाही, एवढं खरं.

रात्रीच्या जेवणाला बसताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आपणच करू की तो केक."

"कोण करणार? माझा हात ह्यो असा."

"मी करतो," मी म्हणालो. कोण बोललं म्हणून मीच मागं वळून बघितलं.

८ डिसेंबर, सोमवार

पहिला केक. सिस्टरना अचानक आनंद द्यायचा असल्यानं त्या दवाखान्यात असतानाच, दहा ते चारमध्ये, करायचं ठरलं. त्यांना कळता कामा नये.

भट्टी आपल्याकडं नाही, कुकर आहे. समृद्धीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही? केक?" आणि पुढं बराच वेळ नुसती हसत होती. हसण्यातून जेवढं ऐकू आलं तेवढ्यावर काम चालू केलं. रवा, दही, साखर, तूप, खोबरं कालवून डब्यात घातलं, डबा कुकरात ठेवला. कुकर म्हटल्यावर पाणी आलंच, शिट्टी आलीच. तीन शिट्ट्या केल्या. डाळीला तीनच करतात.

झाकण काढल्यावर आत जे होतं त्याला केक म्हणता येणार नाही. भिमाजीला बोलावलं. तो माझा बालमित्र, खोटं बोलत नाही. चमच्यानं सगळं संपवलं आणि म्हणाला, "शिरा झ्याक झालाय. पर एवढ्यासाठी कुकर कशाला लावला, राव?"

१० डिसेंबर, बुधवार

दुसरा केक. समृद्धीनं पुन्हा सांगितलं, यावेळी न हसता. कुकरात पाणी नाही, वाळू घालायची. शिट्टी काढायची, रबर काढायचं. भिमाजीच्या नव्या गोठ्याच्या बांधकामाची वाळू आणून तीनदा चाळली, धुतली, वाळवली. रवा भिजायला ठेवायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही. सोडा घालायचा असतो हे सांगितलं होतं, ते मी विसरलो.

निघाला तो हातात घेतला. आठशे चाळीस ग्रॅम. भिमाजीनं तो ओट्यावर आपटून बघितला. ओट्याचा कोपरा थोडा उडाला.

"कुंडलिका," तो म्हणाला, "असे शंभर कर. गोठ्याचं जोतं ह्याचंच घालू."

अंजना पदर तोंडाला लावून आत पळाली. तिला किती वर्षांनी असं हसताना बघितलं कुणास ठाऊक.

११ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. अंजनाची पूजा. केकला सुट्टी. पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश तिनं एकटीनं उचलून चौरंगावर मांडला. मी घाबरून ओरडलो, "अगं हात!" तर म्हणाली, "देवाच्या कामाला दुखत न्हाई."

श्रद्धा ही मोठी गोष्ट आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मंचरला गेलो. हायवेवर गाड्यांची रांग एवढी, की कळंबपासून चालत निघालो असतो तर आधी पोचलो असतो. किराणा दुकानात बेकिंग पावडर मागितली. निवृत्त होऊन साडेतीन महिने झाले तरी ओळखीचे लोक जागोजाग. गेणू हमाल शेजारीच उभा.

"भाऊ, ही कशाला?"

मला एकदम खोटं सुचेना. "बायकोच्या हाताला लावायला," मी म्हणालो.

गेणूनं डबी हातात घेऊन नीट बघितली. "माझ्या सासूचा गुडघा लई दुखतो," तो म्हणाला. आणि दुकानदाराला, "मला बी एक द्या."

त्या म्हातारीचं काय होईल या विचारानं घरी येईपर्यंत चैन नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार

झाला! झाला! झाला!

अक्षर वाईट येतंय कारण घाई झालीय. क्रमानं लिहितो.

रवा तासभर दह्यात भिजवला. तूप, साखर, खोबरं. सगळं काट्यावर तोललं, ग्रॅमचाही फरक नाही. तरी अंजना म्हणाली, "त्यांच्या केकाला कसला तरी वास यायचा. आठवतंय का?" मला नुसती चव आठवत होती. ती डोळे मिटून बसली. मी जायफळाचा डबा तिच्या नाकाखाली धरला. नाही. वेलदोडा. नाही. मग म्हणाली, "बडीशोप. भरड कुटलेली."

बडीशेपेच्या बरणीचं झाकण गच्च बसलेलं. मी फडक्यानं पिळलं, गुडघ्यात धरून पिळलं, हललं नाही. भिमाजीला हाक मारायला बाहेर गेलो, परत येतो तर झाकण काढून बाजूला ठेवलेलं. अंजना म्हणाली, "आपसूक निघालं." हवेचा दाब असतो, होतं तसं.

पन्नास मिनिटं मी कुकरापुढून उठलो नाही. वासानं आधी स्वयंपाकघर भरलं, मग ओसरी, मग भिमाजी आला. सुरी टोचली, कोरडी निघाली. डबा ताटात उलटा केला आणि वरून एक थाप मारली. आतून असा हलका आवाज आला, जसं कुणी चप्पल काढून घरात आलं.

पिवळसर. रवाळ. वरून तांबूस.

मी भिमाजीला मिठी मारली. पन्नास वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच. त्याला काय करावं कळेना, तो "रामकृष्णहरी" म्हणाला. मग केकच्या ताटाभोवती आम्ही दोघं साठीचे गडी काय काय नाचलो ते लिहीत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उद्यापन. गल्लीतल्या अकरा बायका हळदीकुंकवाला. काल मी तव्यावर झाकण ठेवून नानकटाई करून बघितली होती, सव्वीस झाल्या होत्या. म्हटलं डब्यात राहतील नाताळापर्यंत. तर अंजनानं मला न विचारता त्या बायकांच्या ताटात वाढल्या. वर सांगितलंही, "आमच्या ह्यांनी केल्यात."

मी तेव्हा शेजारी भिमाजीच्या जुन्या गोठ्यात होतो. हसण्याचा असा आवाज आला, की म्हैस उभी राहिली. पण पाच मिनिटांनी हसणं थांबलं. नुसता कुरुमकुरुम आवाज. मग खिडकीतून मोहिनी हाका मारायला लागली, ती भिमाजीची सून. "मामा, तूप पातळ घेतलं व्हतं का थिजलेलं?"

"थिजलेलं," मी गोठ्यातून ओरडलो. "फेसायचं! पांढरं होईपर्यंत!"

"किती वेळ?"

शेवटी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि अकरा बायकांना नानकटाई समजावून सांगितली. एकीनं मोबाईलवर माझं बोलणं भरून घेतलं. तेहतीस वर्षांत माझं बोलणं इतकं शांतपणे कुणी ऐकलं नव्हतं. बाजारात मी आकडा ओरडायचो आणि लोक भांडायला लागायचे.

गडबडीत झोळी अंजनाच्या डाव्या हाताला दिसली. विचारलं, तर म्हणाली, "उजव्याचा भार डाव्यावर आला. म्हणून त्यो बी दुखतुया." बरोबरच आहे. एका पारड्याचा भार दुसऱ्यावर येतोच. तिच्या काळजीनं मला कसंसंच होतं, पण खरं लिहायचं तर हल्ली सकाळी सहाला मी उठलेला असतो आणि रवा भिजत घातलेला असतो.

२० डिसेंबर, शनिवार

अकरा बायकांना माहीत म्हणजे गावाला माहीत. सगळ्यांनी शपथा घेतल्यात, सिस्टरना सांगायचं नाही. पण काल एकजण दवाखान्यात रक्तदाब मोजताना म्हणे सारखी हसत होती. सिस्टरनी तिला दोनदा मोजलं.

आता सराव बंद. एकदाच सोमवारी रंगीत तालीम, मग बुधवारी खरा.

२२ डिसेंबर, सोमवार

वाईट दिवस.

केक ताटात काढला आणि दारात पावलं वाजली. सिस्टर. डोकं दुखतं म्हणून अर्ध्या दिवसानं घरी आल्या होत्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता लपवून काय उपयोग. मी ताट पुढं केलं आणि मोठ्यानं म्हणालो, "ओळखा बरं, काय आहे!"

त्यांनी केककडं बघितलं नाही. नुसता श्वास आत घेतला. त्यांचा चेहरा असा झाला, जशी भरल्या पोत्याची शिवण उसवावी.

"काका," त्या म्हणाल्या, "मी ड्युटी का मागून घेतली माहितीय? हा वास नको होता म्हणून. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात घराघरातून केकचा वास येतो. मला या वर्षी नाताळ नको होता."

आणि वर निघून गेल्या. दार लागलं.

मी ताट हातात घेऊन तसाच उभा. अंजना वर गेली. बऱ्याच वेळानं आली.

"रडतीय," ती म्हणाली. "रडू द्या. जूनपासून रडली नव्हती."

"मी चुकलो का गं?"

तिनं ताट माझ्या हातातून घेतलं. केक झाकून ठेवला.

२३ डिसेंबर, मंगळवार

काही केलं नाही. कुकरातली वाळू काढून भिमाजीला परत दिली. तो म्हणाला, "राहू दे की." मी म्हटलं, नको.

ज्या मालाचं वजन आपल्याला कळत नाही त्याला हात लावू नये. मी तोलणार माणूस आणि एवढं मला कळलं नाही. तीन आठवडे मी हसलो, नाचलो, बायकांना खिडकीतून शिकवलं. त्या पोरीला काय वाटेल हे एकदाही विचारलं नाही. आनंद द्यायला निघालो होतो की माझा मलाच घेत होतो, कोण जाणे.

सिस्टर सकाळी लवकर गेल्या, उशिरा आल्या. जिन्यावर दिसल्या नाहीत.

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळी दहाला मी ओट्यावर बसलो होतो. सिस्टर खाली आल्या. डोळे सुजलेले, केस धुतलेले.

"काका, परवाचा केक आहे का?"

अंजनानं ताटलीत तुकडा दिला. त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि सगळा खाल्ला. भरल्या बाजारात काट्यावर पहिलं पोतं ठेवताना धाकधूक व्हायची, तशी मला होत होती.

"तूप कमी आहे," त्या म्हणाल्या.

"एकशे वीस ग्रॅम घेतलं."

"दीडशे घ्या. आणि खोबरं भाजून घ्यायचं." मग ताटलीतला चुरा बोटानं गोळा करत म्हणाल्या, "बडीशेप कुणी ओळखली?"

मी अंजनाकडं बोट केलं.

"काकू, तुम्हाला एक सांगायचं राहिलंच. आमच्या घरचा केक असा नसतोच. आमच्याकडं अंडी घालतात. हा तुमच्यासाठी आई वेगळा करायची. मी तिला पहिल्या वर्षी बोलले होते, घरमालकांचा मार्गशीर्ष असतो, त्या महिन्यात अंडं चालत नाही. तर ती म्हणाली, मग त्यांचा वेगळा करू. दही घालून बघितलं, बडीशेप घालून बघितली. चार वेळा बिघडला. तुमच्यासाठी तिनं तो बसवला होता."

अंजनानं पदर डोळ्याला लावला. ज्या बाईला मी आयुष्यात बघितलं नाही, ती शेवगावला चुलीपुढं बसून आमचा मार्गशीर्ष सांभाळत होती. चार वेळा बिघडवून.

"तर मग," अंजना डोळे पुसून म्हणाली, "आता मार्गशीर्ष संपलाय. तुमच्या घरचा कर की, एस्तेर. अंड्याचा."

"ड्युटी उद्या आहे," एस्तेर म्हणाली. "आज मोकळीच आहे."

मी वाळू आणायला पळालो. भिमाजीनं ती ढिगात टाकलीच नव्हती. वेगळी बादलीत झाकून ठेवली होती.

मग दिवसभर जे चाललं! एस्तेरनं पदर खोचला आणि आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मोहिनी डझनभर अंडी घेऊन आली. दोन कुकर, तीन तवे. एस्तेर मला सारखी ओरडत होती. "काका, फेसा, फेसा, हात थांबवू नका! काका, तोलायचं सोडा आता, अंदाजानं घाला!" अंदाजानं घाला! मला! मग कलकल करायचे ठरले. पिठाची सुपारीएवढी गोळी नव्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळायची, की अंगावर रेघा असलेला शिंपला होतो. तळायचा, साखरेच्या पाकात घोळायचा. माझे शिंपले होईनात, नुसत्या अळ्या होत होत्या.

"सरका तिकडं," अंजना म्हणाली. तिनं झोळी काढून खुंटीला टांगली आणि दोन्ही हातांनी असे भराभर शिंपले वळायला घेतले, की बघत राहावं. मी थक्क झालो. तीन आठवडे जो हात उचलत नव्हता तो पिठात घातल्याबरोबर मोकळा झाला. सणाच्या दिवशी चमत्कार होतात असं ऐकलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. एस्तेरनं अंजनाकडं बघितलं, अंजनानं मोहिनीकडं, आणि तिघी अशा हसत सुटल्या की पाक करपला. मला काही कळलं नाही, पण मीही हसलो.

दुपारनंतर एस्तेर कसलंसं गाणं गुणगुणत होती. मधेच थांबायची, नाक ओढायची, पुन्हा गुणगुणायची. कुणी तिला गप्प राहा म्हणालं नाही, कुणी गा म्हणालं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

एस्तेर ड्युटीवरून दोनला आली. निळी साडी नेसून खाली आली तेव्हा अंजनानं तिच्या केसांत शेवंतीची वेणी माळली. मग ती म्हणाली, "आमच्याकडं या दिवशी फराळाचं ताट घरोघर जातं. आई चाळीस ताटं पाठवायची. इथं मला कधी धीर झाला नाही."

"चाळीस घरं न्हाईत गल्लीत," अंजना म्हणाली. "सतरा हायती."

सतरा ताटं भरली. केक, नानकटाई, कलकल. वरून क्रोशाचे रुमाल. पुढं एस्तेर, मागं अंजना, त्यामागं मी आणि भिमाजी, हातात पाट्या. बिबट्या उसात फिरतोय, दिवस मावळला की सगळ्यांची दारं बंद होतात, म्हणून साडेतीनलाच निघालो.

पहिल्या दारात एस्तेरचे पाय अडखळले. मग एक घर झालं, दोन झाली. रिकामं ताट परत पाठवायची आपल्याकडं रीत नाही. मोहिनीनं ताटात शेंगा घातल्या. पुढं कुणी हरभऱ्याची जुडी, कुणी गूळ, कुणी कांद्याची पात, एका घरी तर जिवंत कोंबडीच. ती भिमाजीनं काखेत धरली. सातव्या घरापासून एस्तेर नुसती चालत नव्हती, पळत होती. वेणी सुटून खांद्यावर आली होती. "काका, चला ना! काकू, चला!" पोरी लग्नघरात पळतात तशी.

शेवटचं घर कोंडाबाईचं. नव्वदीची म्हातारी, एकटी राहते, कानानं जवळजवळ बहिरी. अंगणात उन्हाला बसली होती. एस्तेरनं ताट पुढं ठेवलं.

"कशाचं गं ह्ये?"

"नाताळ, आजी!" एस्तेर कानाशी ओरडली. "आज आमच्या देवाचा जन्म!"

"जन्म? कोण झालं?"

"मुलगा!"

"मुलगा व्हय! बरं झालं बाई." म्हातारीनं केकचा तुकडा बोळक्या तोंडात टाकला आणि चघळत विचारलं, "आन् बाळंतीण कशीये?"

एस्तेरनं खांद्यावरची वेणी मागं टाकली. मग हळूच, पण कानाशी, म्हणाली, "बरी आहे, आजी. चांगली आहे."

"कुठल्या दवाखान्यात झाली? तुज्याच का?"

"नाही आजी. गोठ्यात झाली."

"गोठ्यात?" कोंडाबाई चघळायची थांबली. काठी टेकून उभीच राहिली. "एवढ्या थंडीत? भायेर वाघरू फिरतंय आन् वली बाळंतीण गोठ्यात ठिवली? कुणाच्या घरची सून हाय ती? अक्कल हाय का न्हाई लोकांना?"

भिमाजीच्या काखेतली कोंबडी सुटली. तिला धरायला कुणी गेलं नाही.

म्हातारी आत गेली. डबे वाजले. परत आली ती हळीवाची पुडी, डिंकाची पुडी आणि एक जुनं, मऊ झालेलं लुगडं घेऊन. सगळं एस्तेरच्या ताटात ठेवलं. वर हात ठेवून म्हणाली, "ह्ये दे तिला. लुगड्याची दुपटी कर. आन् सांग, कोंडाबाईनं बोलीवलंय. माझी आतली खोली रिकामीच हाय. दिस मावळायच्या आत घेऊन ये दोघांस्नी."

एस्तेर हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तशीच खाली वाकून म्हातारीच्या गळ्यात पडली. कोंडाबाई तिची पाठ थोपटत राहिली.

"रडू नगं," ती म्हणत होती. "व्हईल सगळं नीट. आधी घरात आण तिला."